सोफ्याची उंची: एक महिना नऊ दिवस

मच्छिंद्र सुताराबद्दल चांगलं लिहायचं, असं ठरवून मी बसलो आहे. जमेलच असं नाही. माणूस गुणी आहे, हात साफ आहे, सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या वेळेला येतो. सुतार वेळेवर येतो म्हणजे काय, ते ज्यांनी घराचं काम काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तरीही त्याचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. बायकोच्या तोंडून निघालं की जास्त दुखायचं.

आधी आमच्या घरचं सांगतो, म्हणजे हा माणूस कुठे शिरला ते कळेल. मी दिगंबर. बँकेत बत्तीस वर्षं कारकुनी केली. दोन हजार एक साली माझ्या टेबलावर संगणक आला आणि माझ्या हातात व्हीआरएसचा कागद. कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मुलगा आमोद हडपसरला एका आयटी कंपनीत आहे आणि तिकडेच राहतो. पत्नी सुनीती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. एक्क्याण्णव साली तिला संधिवाताने गाठलं. गुडघे, मनगटं, बोटं, सगळं आखडत गेलं आणि शाळा सुटली. बसली की तिला आपलं आपण उठता येईना.

तेव्हापासून तिला मी उठवतो. ती "अहो" म्हणते. मी असेन तिथून येतो. डावं पाऊल तिच्या पावलांना आडवं लावतो, म्हणजे ती घसरत नाही. दोन्ही हात पुढे धरतो. तिच्या बोटांना पकड नाही, म्हणून ती आपले हात कोपरापासून माझ्या हातांवर टेकवते. मग एक, दोन, तीन. आणि ती उभी. दिवसातून चौदा वेळा. मी मोजलेलं आहे. नोकरीत होतो तेव्हा त्यातल्या दुपारच्या पाच वेळा कामाच्या वेणूबाईंकडे होत्या. व्हीआरएस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पाचही मी काढून घेतल्या. वेणूबाईंना वाटलं, साहेब किती चांगले.

सोसायटीतल्या बायकांनाही तसंच वाटायचं. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो," असं त्या सुनीतीला माझ्यादेखत म्हणायच्या. मी "छे, छे" म्हणायचो आणि त्यांनी पुन्हा म्हणावं म्हणून तिथेच घुटमळायचो.

खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या पिढीत नवऱ्याने बायकोचा हात धरला तो लग्नात, तोही भटजींनी सांगितलं म्हणून. पुढे मूल झालं, संसार झाला, पण भरदिवसा, उजेडात, बायकोच्या इतकं जवळ उभं राहायची आमच्यात पद्धत नव्हती. मला ती परवानगी दुखण्याने दिली. दिवसातून चौदा वेळा तिचं डोकं माझ्या खांद्यापाशी यायचं. तिच्या केसांना शिकेकाईचा वास असतो, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

अठ्ठ्याण्णव साली आमोदला पहिला पगार झाला. त्याने आम्हाला फर्निचरच्या प्रदर्शनाला नेलं. तिथे सुनीती एका उंच, कडक बैठकीच्या वेताच्या खुर्चीत बसली आणि खुर्चीच्या हातांवर कोपरं रेटून जवळजवळ उठलीच. मी म्हणालो, "ही खुर्ची दवाखान्यात शोभेल." मग मी एका बुटक्या, ऐसपैस, मऊ सोफ्याची स्तुती सुरू केली. त्यात माणूस कमरेपर्यंत रुतायचा. तोच घेतला. मी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. नव्हतं केलं, असंही शपथेवर सांगता येणार नाही.

दोन हजार तीन साली आमोदच्या डोक्यात आलं की आईसाठी काहीतरी सोय केली पाहिजे. दर रविवारी तो ऑफिसातून छापून आणलेले कागद घेऊन यायचा.

"बाबा, हे बघा. मोटराइज्ड चेअर. बटण दाबलं की खुर्चीच आईला उभं करते. फुल्ली ऑटोमॅटिक."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी काय?"

"गुरुवारी वीज जाते. आईला चार वाजेपर्यंत अर्धवट उभी ठेवायची का?"

पुढच्या रविवारी स्प्रिंगची गादी आली. माणूस उठायला लागला की ती म्हणे खालून ढकलते. मी म्हणालो, "आई आहे ती, रॉकेट नाही." मग उंच पाठीची खुर्ची आली, तिला माझं दवाखान्याचं उत्तर तयार होतंच. मग सोफ्यापुढे रोवायची लोखंडी चौकट आली, धरून उठण्यासाठी. त्यावर मी तिची बोटं दाखवली. चार हरकतींपैकी ही एकच खरी होती. आमोद कंटाळला. सुनीती नुसती माझ्याकडे बघत होती. पस्तीस मुलींच्या वर्गात कुणी खडू फेकला ते पाठमोरं राहूनही ओळखणारी बाई आहे ती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, बेल वाजली. दुपारी दोन वाजता आमच्याकडे कुणी येत नाही, येऊ नये. दारात एक पन्नाशीचा काळासावळा माणूस उभा होता. पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"मी मच्छिंद्र. धायरीचा. बाईंनी बोलावलंय."

बाईंनी! मला न विचारता! तिची जुनी विद्यार्थिनी नम्रता आहे, तिच्या आईचा पलंग याने करून दिला होता. तिच्याकडून नंबर घेऊन सुनीतीने मी बाहेर गेलो असताना फोन केला होता.

"काय विकता आपण?" मी विचारलं.

"काय बी नाय," तो म्हणाला आणि चप्पल काढून सरळ आत जाऊन सुनीतीसमोर जमिनीवर बसला. त्याने सोफ्याकडे पाहिलं नाही. टेप काढली नाही. कुठे दुखतं हेही विचारलं नाही. त्याचा पहिला प्रश्न असा:

"बाई, उठून कुठं जायाचं हाय?"

मला हसू आलं. उठून माणूस कुठे जाणार? मोरीत, जेवायला, झोपायला. पण सुनीती म्हणाली, "गॅलरीत."

"तिकडं काय हाय?"

"साडेपाचला कॉलेजच्या मुली सुटतात. इथून नुसता आवाज ऐकू येतो."

मला हे माहीत नव्हतं. बारा वर्षं तिला रोज उठवून मला हे माहीत नव्हतं आणि या माणसाला अडीच मिनिटांत कळलं. त्याच क्षणी माझं त्याच्याशी वाकडं झालं.

मग त्याने मला विचारलं, "काका, रद्दी हाय का घरात?"

रद्दी आहे का! माझ्याइतकी नीट रद्दी अख्ख्या सोसायटीत कुणाकडे नाही. महिन्यावार, तारखेवार, कडा जुळवून. मी अभिमानाने आणून दिली. त्याने सोफ्याच्या गादीखाली फळी सारली, म्हणजे रुतणं थांबलं. वर पेपर रचायला सुरुवात केली. सोफ्याच्या हातांवर टेलिफोन डिरेक्टरीचे दोन भाग ठेवले. सुनीतीला बसवायचं, "उठा" म्हणायचं, नाही जमलं की आणखी तीन-चार पेपर. तो हात द्यायचा नाही. हात बांधून समोर बसून राहायचा.

पेपर चढवता चढवता तो तिला आपली गोष्ट सांगत होता. बाप धायरीत बैलगाड्या करायचा, नांगर करायचा. पुढे शेतं गेली, तिथे बिल्डिंगा आल्या, गाड्या गेल्या. मच्छिंद्र त्याच बिल्डिंगांवर शटरिंगच्या फळ्या ठोकायला गेला. मग आई पडली, खुबा मोडला. जन्मभर जमिनीवर बसलेली बाई; तिला पलंगावरून उठता येईना. त्याने साइटवरच्या विटा आणून पलंगाच्या पायांखाली रोज एकेक थर चढवला.

"पाचव्या थराला म्हातारी उठली, बाई. आपली आपण. आन् उठून पयली कुठं गेली? शेजारणीशी भांडायला. चार म्हयन्यांचं भांडण तुंबलं हुतं!"

सुनीती हसली. खांद्यावरचा पदर सरकेपर्यंत हसली. मी बत्तीस वर्षं तिला बँकेतले विनोद सांगितले. ती त्यांना इतकी कधीच हसली नव्हती.

"तवापास्नं मी खुर्चीचं माप घेतच नाय. माणसाचं घेतो. बारा घरं केली, अजून चुकलं नाय."

आणि हसता हसता, कोपरं डिरेक्टरीवर रेटून, सुनीती उठली. एकटी. मी पाऊल लावायला पुढे झालो होतो; ते तसंच हवेत राहिलं. ती उभी राहून बघत होती ती त्याच्याकडे. माझ्याकडे नाही.

"किती झाले?" तिने विचारलं.

रद्दी माझी, तेव्हा उत्तर मीच दिलं. "अख्खा जुलै आणि ऑगस्टचे नऊ दिवस."

"म्हंजी एक म्हयना नऊ दिवस उंच पायजे सोफा," मच्छिंद्र म्हणाला, आणि ते दोघं पुन्हा हसले. त्याने गठ्ठा सुतळीने बांधला. टेपने आकडा येतो, माप येत नाही, असं त्याचं म्हणणं. गठ्ठाच नेणार, शिकंजात दाबणार, त्याला लावून सोफ्याच्या पायांखालचे चार ठोकळे कापणार. पण तो सायकलवर आला होता आणि बाहेर भुरभुर होती. "पेपर भिजंल. उद्या टेम्पोनं येतो, तवर ऱ्हाऊ द्या हितंच." जाताना सुनीतीने त्याला चहा दिला. म्हणजे वेणूबाईंना द्यायला सांगितला, निळ्या फुलांच्या कपात. तो कप पाहुण्यांचा. मला रोज स्टीलच्या पेल्यात मिळतो.

त्या संध्याकाळी मी स्वतःशी बराच वाद घातला. हे जे होतंय त्याला दुसरा शब्द शोधायचा प्रयत्न केला. काळजी, शंका, सुताराच्या कामावर अविश्वास. एकही बसेना. मत्सर होता तो, शुद्ध मत्सर. लाकडाचे चार ठोकळे येणार, आणि घरात "अहो" बंद होणार. बँकेत माझ्या जागी संगणक आला तेव्हा निदान निरोपाला नारळ मिळाला होता.

सुनीती आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होती. मी सुतळी सैल केली आणि गठ्ठ्याच्या मधून आठ पेपर काढले. अकरा जुलै ते अठरा जुलै. साधारण एक इंच. मग पुन्हा घट्ट बांधला. काढलेले पेपर कपाटात माझ्या शर्टांखाली ठेवले. टाकून द्यायचे, पण रद्दी अशी फुकट टाकून देणं माझ्याच्याने होत नाही.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा टेम्पोने गेला आणि आठवड्याने ठोकळे आले. काम बघून मला आणखी राग आला, इतकं ते सुबक होतं. बाभळीचं लाकूड, सोफ्याचा पाय बरोब्बर बसेल अशी खोबण, सरकू नयेत म्हणून दोन-दोन ठोकळ्यांना जोडणारी पट्टी. सोफ्याच्या हातांवर रुंद फळ्या, कोपरं टेकायला. मधली काचेची टीपॉय त्याने भिंतीला लावली, गॅलरीच्या दाराशी लाकडी मूठ ठोकली. मग म्हणाला, "उठा बाई."

सुनीती अर्धी उठली आणि परत बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा जोर केला तेव्हा तोल गेला आणि कोपर फळीच्या कडेवर आपटलं. मी धावलो. पाऊल लावलं, हात धरले, एक, दोन, तीन. ती उभी राहिली. मी मच्छिंद्रकडे पाहिलं. आता लिहायला लाज वाटते, पण मी विजयी चेहऱ्याने पाहिलं.

मच्छिंद्रचा चेहरा उतरला होता. त्याने गठ्ठा आणला होता परत द्यायला. तो खाली ठेवला. ठोकळ्यांवरून हात फिरवला. "माझंच माप चुकलं, बाई. डोळं गेलं म्हनायचं आता." पैशाचं नावही काढलं नाही. ठोकळे पिशवीत भरले. दाराशी थांबून म्हणाला, "माणसाचं काम हाय. एक डाव चुकलं की करू नये. मी आपला परत फळ्याच ठोकीन."

तो गेल्यावर मी मोठ्या प्रेमाने सुनीतीच्या कोपराला मलम लावलं. तिथे निळं पडलं होतं.

चार वाजता "अहो" आलं. मी पाऊल लावलं, हात पुढे केले. तिने आपले हात टेकवले नाहीत. तिच्या मांडीवर तो गठ्ठा होता, सुतळी वेणूबाईंकडून सोडवून घेतलेली.

"दहा तारखेनंतर थेट एकोणीस," ती म्हणाली. "तुमच्या रद्दीत? मधले आठ दिवस कुठे आहेत?"

माझे हात तसेच पुढे.

"कपाटात असतील. टाकायचे नाहीत तुम्ही." मग तिचा आवाज चढला. "वेताच्या खुर्चीच्या वेळी मी काही बोलले नाही. म्हटलं, असू दे, माणसाला काहीतरी लागतं. पण आज त्या गरिबाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊन घरी पाठवलंत तुम्ही."

"मग मला हाक कोण मारणार?" मी म्हणालो. "तू उठायला लागलीस तर माझं काय काम आहे या घरात?"

ती सावकाश म्हणाली, "बारा वर्षं तुम्ही मला उठवलंत. उपकार आहेत. पण उठून कुठे जायचंय, हे एकदा तरी विचारलंत? त्याने पहिल्याच दिवशी विचारलं."

यावर माझ्याकडे खवचट उत्तर नव्हतं. पुण्यात राहून हे मान्य करायला जड जातं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आणि ते आठ पेपर घेऊन मी रिक्षाने धायरीला गेलो. एका पाच मजली इमारतीमागे पत्र्याची शेड होती. मच्छिंद्र शटरिंगच्या फळ्यांतले खिळे उपटत होता. मी गठ्ठा पुढे ठेवला, शेजारी आठ पेपर.

"हे यातलेच आहेत. मी काढले होते."

"का?"

एकसष्ट वर्षांच्या माणसाने द्यायचं उत्तर नव्हे ते, पण दिलं. "ती मला हाक मारणार नाही म्हणून."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "काका, बाई पडली असती तर? हात मोडला असता म्हंजी? रातभर डोळा लागला नाय माझा. आईच्या पायावर शिकलेलं काम हाय हे. ते तुमी खोटं पाडलं."

"चुकलो," मी म्हणालो. हा शब्द मी किती वर्षांनी उच्चारला, कोण जाणे.

त्याने फळीतले उरलेले खिळे उपटले. मग हात पुसले, आठ पेपर उचलले, गठ्ठा सोडला. "कुठं घालू?"

"दहा आणि एकोणीसच्या मधे," मी चटकन म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मात्र त्याच्या मिशा हलल्या. "कुठं बी घातलं तरी उंची तीच की हो, काका."

जुन्या ठोकळ्यांना इंचभर जोड द्यायला तो तयार होईना. माणूस बसणार आहे, जोड नको. नवीनच कापले. "धरा," म्हणाला. तो करवत चालवत होता आणि मी लाकूड दाबून धरत होतो. भुसा माझ्या चष्म्यावर उडत होता. मी त्याला विचारलं, बारा घरांत माझ्यासारखं कुणी केलं होतं का? तो म्हणाला, "एका सुनंनं सासूचा उठायचा पाट लपिवला हुता. सासू उठून सैपाकघरात येती म्हून." मला जरा बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं.

दोन दिवसांनी त्याने सकाळी सकाळीच येऊन ठोकळे लावले. सुनीती बसली. कोपरं फळ्यांवर रेटली आणि उठली. मी माझे हात मागे बांधून ठेवले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. ती टीपॉयची मोकळी झालेली जागा ओलांडून, मुठीला कोपर अडकवून, पावलं मोजत गॅलरीत गेली. मच्छिंद्र निळ्या फुलांच्या कपातून चहा प्यायला आणि निघून गेला. मी सोफ्यावर बसलो. सोफा आता मला उंच होत होता. माझे पाय जेमतेम टेकत होते. सकाळपासून एकदाही हाक आली नव्हती.

पाच वाजता ती पुन्हा गॅलरीत गेली. साडेपाच वाजले. खालून स्कूटींचा आणि मुलींच्या बोलण्याचा गलका सुरू झाला. आणि गॅलरीतून आवाज आला.

"अहो."

मी इतक्या घाईने गेलो की भिंतीकडेच्या टीपॉयवर आपटलो. जाऊन पाऊल लावलं, हात पुढे केले, तोंडात "एक" आलंसुद्धा. सुनीती उभीच होती.

"उठायचं नाहीये," ती म्हणाली. "उभे राहा इथे. त्या बघा, सगळ्यांच्या तोंडाला ओढण्या. डाकू दिसतात नुसत्या. यांच्यातली कुठली हसतेय, ओळखा बरं."

मी ओळखू शकलो नाही. तिला ओळखता येत होतं. सांगता सांगता तिने आपला हात कोपरापासून माझ्या हातावर टेकवला, नेहमीच्या जागी, आणि काढला नाही. शेवटची मुलगी जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. पंचवीस मिनिटं.

रात्रीच्या जेवणानंतर मी सवयीने आकडा मांडला. त्या दिवशीच्या हाका: एक. मग सहज आधीचाही हिशेब केला. तिला एकदा उठवायला आठ सेकंद लागायचे. चौदा वेळांचे झाले एकशे बारा. बारा वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टाकत होतो, ते दिवसाला दोन मिनिटंसुद्धा भरत नव्हतं. बत्तीस वर्षं बँकेत काढून ही बेरीज मी कधी केली नव्हती.